पोट किती, भिंत किती

सेलूला मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक ओट्यावर बसून एक काळपट पत्र्याची डबी कानाशी हलवून बघत होते. त्यांनी मला भाडं सांगितलं नाही, गाव विचारलं नाही. डबी कानाशी तशीच धरून, एक डोळा मिटून विचारलं, "पोट किती? भिंत किती? वय किती?"

मी विज्ञानाचा मास्तर. बी.एस्सी. दुसऱ्या प्रयत्नात का होईना, पण झालेला. तीन प्रश्न आले की तीन उत्तरं द्यायची, ही सवय. म्हटलं, पोटं दोन, लग्नाला चार महिने झालेत. वय चोवीस. भिंतीचं काही उमजलं नाही, म्हणून म्हणालो की भिंत आपलीच, मी फार तर एखादा खिळा ठोकीन.

त्यांनी डबी खाली ठेवली आणि दुसरा डोळा उघडला. "मास्तर, मी ह्या कंडेन्सरला विचारायलो होतो. पण तुमीबी चालताल. या आत."

अशी आम्हाला खोली मिळाली. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की मी "सेलूला" एवढं म्हटलं की माझी धाकटी उशी घेऊन बसते आणि थोरला म्हणतो, "बाबा, या वेळी तुमची चूक गाळू नका." मी ती कधीच गाळलेली नाही. एखाद्या वेळी सांगायची राहून गेली असेल.

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. चारठाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातलं शेतकऱ्याचं घर त्यांचं. भाऊ औत हाकीत राहिले, हे मात्र हैदराबादेला गेले, उर्दूतून शिकले आणि निजामाच्या बिजलीखात्यात लागले. पुढं संस्थान विलीन झालं, खात्याची फेरमांडणी झाली, आणि पन्नाशीच्या आत काकांना अर्ध्या पेन्शनीवर घरी पाठवलं. मी सेलूला आलो तोवर मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि काकांची शेरवानी कोपरांवर विरली होती. त्यांच्या तोंडून तक्रार अशी मी ऐकली नाही. कोणी कळवळून विचारलंच तर म्हणायचे, "खातं बदललं. बिजली तीच हाय."

उर्दूतून शिकल्याचं एक चिन्ह त्यांच्या अंगात पक्कं बसलं होतं. ते सगळं उजवीकडून सुरू करायचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून. भिंतीवरच्या तसबिरी उजवीकडून वयानुसार, त्यामुळं अनोळखी माणूस त्यांच्या वडलांना त्यांचा मुलगा समजायचा. माझ्या बायकोनं एकदा उखाण्यांची वही दाखवली, ती त्यांनी मागून वाचायला घेतली आणि शेवटचा उखाणा आधी वाचून म्हणाले, "सुरुवात चांगली हाय." आम्ही दोघं रात्री खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन हसलो. म्हणजे मला ही सवय ठाऊक होती. हसण्याइतकी ठाऊक होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्यांच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कंडेन्सर. हल्ली माझा थोरला कपॅसिटर म्हणतो, पण वस्तू तीच: वीज साठवून हळूहळू सोडणारी डबी. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, मोडीत निघालेल्या बिनतारी यंत्रांतून काकांनी ते एकेक वेचून आणले होते. प्रत्येक डबी जुन्या धोतराच्या चिंधीत, प्रत्येकीला चिठ्ठी. ही पेटी उन्हाळ्यात पाण्याच्या रांजणाला टेकून ठेवलेली असायची, कारण डबीच्या आतला ओला लगदा मराठवाड्याच्या उन्हानं वाळतो. काकू यायच्या-जायच्याला सांगायच्या, "लोकांच्या घरी रांजणापाशी भाजी गार होती. आमच्याकडं कंडेन्सर."

मी विज्ञानाचा मास्तर असल्यानं मला कंडेन्सर कळतो असा माझा समज होता. तो काकांनी एका संध्याकाळी घालवला. मी त्यांना फळ्यावर काढतात तशी आकृती काढून सूत्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, मोट बघितली का कधी?"

मी म्हटलं, बघितली.

"मोट वर आली की पाणी कसं पडतं? धबाल्यानं. मग मोट खाली जाती, तवर काहीच न्हाई. पिकाला असं पाणी चालतं का? धबाला, उपास, धबाला, उपास? पिकाला धार पायजे. म्हणून विहिरीच्या तोंडाशी दगडी थारोळं बांधतेत. धबाला थारोळ्यात पडतो, पाटाला मातूर धार लागती. कंडेन्सर म्हणजे थारोळं. पोट म्हणजे पाणी किती मावतं. भिंत म्हणजे किती दाब सोसतं. लोक पोट बघतेत, भिंत बघत न्हाईत. मग फुटतं."

मी सूत्र पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मोट आणि थारोळं सांगितलं, जणू मलाच सुचलं होतं. पोरांना पहिल्यांदा काहीतरी समजल्यासारखं दिसलं. त्यांनी ते घरी सांगितलं, आणि गावात मी हुशार मास्तर म्हणून थोडाफार प्रसिद्ध झालो. काकांनी ते ऐकलं आणि फक्त म्हणाले, "पाणी पोचलं न्हाई का? मग झालं."

त्यांची आणखी एक रीत होती. वर्षानुवर्षं पडून असलेला कंडेन्सर ते कधी एकदम कामाला लावत नसत. तो झोपलेला असतो, म्हणायचे. मध्ये एक बल्ब घालून त्याला थोडी थोडी वीज पाजायची. आज एवढी, उद्या एवढी. चार-पाच दिवसांनी तो जागा होतो आणि मग पुरता दाब सोसतो. घाई केली की तापून फुगतो. "उठल्याउठल्या कुणाला मोटंला जुंपू नये," हे त्यांचं वाक्य. पुढं माझी बायको मला रविवारी सकाळी काम सांगायला आली की मी हेच वाक्य वापरायचो. तिनं एकदा पाणी थोडं थोडं न पाजता सगळी बादली ओतली, तेव्हापासून वापरत नाही.

आता काकू. त्या विलीनीकरणाच्या आधीपासून मुलींच्या शाळेत शिकवीत. विषमज्वरातून वाचल्या, पण ऐकू येणं जवळजवळ गेलं. न ऐकणाऱ्या मास्तरणीला कोण ठेवणार? आठ वर्षं घरी बसल्या. ओठांवरून बोलणं ओळखायच्या, पण मिशीवाला माणूस समोर आला की पंचाईत. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यानं बोलायच्या मात्र मोठ्यानं. माझ्या बायकोला कानात सांगितलेली गुपितं स्टेशनपर्यंत जायची.

काकांच्या एका जुन्या साहेबांनी हैदराबादच्या दवाखान्यातून काकूंसाठी कानाचं यंत्र मिळवून दिलं होतं. गळ्यात अडकवायचा डबा आणि कानात घालायचं बटण. त्याला दोन बॅटऱ्या लागत. धाकटी म्हणजे साधा टॉर्चचा सेल, तो कुठल्याही दुकानात मिळे. मोठी तीस व्होल्टची, ती फक्त मुंबईहून येई आणि येईपर्यंत उन्हानं अर्धी मेलेली असे. दोन बॅटऱ्या आल्या, आणि नीट काही ऐकू यायच्या आत संपल्या. यंत्र देवळीत जाऊन बसलं.

मग सेलूत दिवसाची वीज आली. कापसाच्या जिनिंगच्या मोटारींसाठी मोठं डिझेल इंजिन बसलं आणि त्याच्यावरच गावचे दिवे. काकांनी ठरवलं, दोनशेवीसची ही वीज उतरवून तिची तीस करायची, धबाला काढून धार करायची आणि ती यंत्राला द्यायची. मुंबईची बॅटरी नकोच.

वीज उतरवणं त्यांनी दोन दिवसांत केलं. धार करायला तीन महिने लागले. कारण धार थोडी जरी हलली तरी यंत्रात गुणगुण येते आणि ती थेट काकूंच्या कानात. काका पेटीतून एकेक कंडेन्सर काढून लावायचे. काकू रोज संध्याकाळी बटण कानात घालून, डोळे मिटून बसायच्या आणि निकाल द्यायच्या. गांधीलमाशी. नुसती माशी. डास. काका चिठ्ठीवर लिहायचे. सेलूत सगळ्यात चांगला कान त्या दिवसांत एका बहिऱ्या बाईला होता, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मला जिथं काहीच ऐकू येत नसे, तिथं त्या म्हणायच्या, "डास आहे. लांब आहे, पण आहे."

पोटाचा प्रश्न असा डासापर्यंत आला. भिंतीचा प्रश्न निराळाच होता, आणि त्यापायी काकांचं इंजिनवाल्या फिटरशी बोलणं बंद होतं. दुपारी बाराला जिनिंगचा भोंगा वाजायचा, साऱ्या मोटारी एकदम बंद व्हायच्या, आणि इंजिनावरचा भार उतरला की गावातल्या दिव्यांचा दाब वर उसळायचा. बल्ब पांढरेफटक व्हायचे, एखाद-दुसरा जायचा. दाब हातानं उतरवायची मूठ इंजिनापाशी होती, पण ती इंजिन आलं तेव्हापासूनच तुटलेली. काकांनी फिटरला जाऊन सांगितलं की ही मूठ बसव. फिटर म्हणाला, मी इंजिन चालवतो, गावाचे लाड चालवत नाही. काका म्हणाले, तुझ्याशी बोलणार न्हाई. आणि बोलले नाहीत. फिटर समोरून आला की शेरवानीचा खिसा तपासायचे.

म्हणून काकांनी दोन कंडेन्सर निवडले. विजेच्या तोंडाशी पहिला: पोट बेताचं, भिंत जाड. दुपारचा उसळता दाब त्यानं सोसायचा. मग मध्ये एक अडसर, तिथं दाब कमी होतो. त्याच्या पलीकडं दुसरा: भिंत पातळ, पण पोट मोठं. उरलासुरला डास त्यानं गिळायचा. एवढंच सगळं गणित. आता सांगताना किती सोपं वाटतं.

अशात एक बातमी आली. मुलींची नवी शाळा निघणार, मराठीतून, आणि मास्तरणी हव्यात. जिल्ह्याहून शिक्षणाधिकारी येऊन तोंडी परीक्षा घेणार. पत्रात एक ओळ होती: उमेदवारानं प्रश्न स्वतः ऐकून, दुसऱ्याच्या मदतीशिवाय उत्तर द्यावं. काकूंनी ते पत्र स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून पोलक्यात ठेवलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. काकांना म्हणाल्या, "ही गेली तर दुसरी येणार नाही."

काका पेटी उघडून बसले. निवडलेले दोन्ही कंडेन्सर नव्यानं जागे करायला घेतले. ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी जिंतूरच्या तहशिलीतून निरोप आला: पेन्शनच्या कागदासाठी आजच हजर राहा, नाहीतर पुढच्या वर्षी. काकांनी जायला नकार दिला. काकूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. जाताना ते माझ्या खोलीत आले.

"मास्तर, दोघांना रात्री दिवे जाईस्तोवर बल्बवर राहू द्या. सकाळी जागच्या जागी कथिलाचा डाग द्या. कागद काढून ठेवलाय. जिम्मेदारी तुमची."

मी म्हटलं, काका, मी बी.एस्सी. आहे.

"म्हणून तर कागद काढला," ते म्हणाले आणि बस गाठायला गेले.

कागदावर फक्त दोन थारोळी होती. एक ठेंगणं, जाड रेघेचं. एक ढेरपोटं, बारीक रेघेचं. मध्ये अडसराची खूण. बस. सकाळी मी काकांनी बाकीचं सगळं जोडून ठेवलेली फळी पुढ्यात घेतली. डाग द्यायला उजवा हात मोकळा हवा म्हणून विजेची वायर डाव्या अंगाला केली. कागदाकडं पाहिलं. डावीकडं ढेरपोटं. म्हणजे विजेच्या तोंडाशी ढेरपोटं. क्षणभर काहीतरी खटकलं, ते मी खोटं सांगत नाही. पण लगेच माझं शिक्षण मदतीला धावलं: जिथं पाणी धबाल्यानं पडतं तिथं मोठंच थारोळं हवं, हे उघड आहे. मी दोन्ही जागी नीट डाग दिले. आयुष्यात इतके सुंदर डाग मी पुन्हा दिले नाहीत.

काकूंनी बटण कानात घातलं, डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले ते भरलेले होते.

"डास नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर, काहीच नाही. तुमच्या बायकोच्या बांगड्या वाजल्या, तेवढं आलं."

मी त्या सकाळी शाळेपर्यंत छाती काढून चाललो. हातात ती फळी एका डब्यात बसवलेली, मागं काकू नव्या इरकलीत, त्यांच्या मागं माझी बायको. वाटेत भेटेल त्याला मी सांगत होतो की सर्किट मी जोडलंय.

परीक्षा आमच्याच शाळेत, हेडमास्तरांच्या खोलीत होती. साहेबांची गाडी उशिरा आली. सात बाया होत्या. काकूंचा नंबर शेवटचा. आत गेल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. यंत्र गळ्यात, फळीचा डबा टेबलावर, वायर दिव्याच्या होल्डरला. डब्याला झाकण नव्हतं. काका कशालाच झाकण लावीत नसत, झाकण लावलं की आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही, असं त्यांचं मत. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो. साहेबांना भरघोस मिशी होती. ते प्रश्न विचारत होते आणि काकू त्यांच्या मिशीकडं न बघता, खिडकीबाहेर लिंबाकडं बघत उत्तर देत होत्या. लिंबाकडं बघत. माझ्या बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

तेवढ्यात काका आले. जिंतूरहून मिळेल त्या गाडीनं, शेरवानीवर फुफाटा. खिडकीतून आधी काकूंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही, प्रत्येक वेळी मी तिथं खोकतो. मग त्यांची नजर टेबलावर गेली. बराच वेळ तिथंच राहिली. ते माझ्याकडं वळले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"मास्तर, कागद कुणीकडून वाचला?"

मी डावा हात वर केला. वर्गात उत्तर न येणारं पोर करतं तसा.

त्यांनी खिडकीतून हेडमास्तरांच्या घड्याळाकडं बघितलं. बाराला नऊ मिनिटं होती. बाराला भोंगा, मोटारी बंद, दाब वर, आणि पातळ भिंतीचं ढेरपोटं विजेच्या तोंडाशी. आत जाऊन वायर काढावी, तर काकूंचं ऐकणं बंद. ठेवावी, तर फुटणार.

"चला," काका म्हणाले आणि पळाले. शेरवानीत पळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. पुढचे पंख धरावे लागतात. मी मागं. शाळा आणि जिनिंग यांच्यामध्ये दोन शेतं आणि एक ओढा. ओढ्यात माझी एक चप्पल राहिली, ती अजून तिथंच असेल.

इंजिनघरात फिटर चिंधीला हात पुसत उभा होता. भोंग्याची साखळी त्याच्या डोक्यावर. काकांना बघून त्याचा हात थांबला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, काकांना दम लागलेला. शेवटी फिटरच म्हणाला, "माझ्याशी बोलायचं न्हाई म्हणला होतास."

"आजबी बोलत न्हाई," काका म्हणाले. "हात जोडायलोय."

आणि खरंच जोडले. मग तुटक तुटक सांगितलं. घरच्यांची परीक्षा चालू हाय. कानाला यंत्र हाय. मोटारी थांबल्या तर ते फुटतंय. जरा वेळ भोंगा देऊ नको.

फिटर म्हणाला, भोंगा माझ्या हातात आहे, पण मोटारी चालवायच्या तर सरकी काढायच्या चरक्यांवर कापूस घालणाऱ्या बाया थांबायला हव्यात, त्यांना जेवायला जायचंय. तो स्वतःच दारात गेला आणि ओरडून त्यांना विचारलं. आवाजात नीट कळेना. एक बाई डोक्यावरचा कापसाचा कचरा झटकत पुढं आली. फिटरनं तिला सगळं सांगितलं. तिनं काकांकडं बघितलं.

"पोरींच्या शाळंची मास्तरीण व्हायलीय का?"

काकांनी मान हलवली.

"मग घाला गं कापूस," ती मागं वळून म्हणाली. "भाकरी काय पळून जायलीय व्हय?"

बारा वाजले. भोंगा वाजला नाही. मी आणि काका इंजिनघराच्या दारात उभे. वर टांगलेला एक दिवा होता, त्याच्याकडं काका बघत होते, तो पिवळाच होता. सेलूचं अख्खं गाव जेवणाची वाट बघत होतं आणि ते का हे कुणाला माहीत नव्हतं. बारा वाजून पाच. बारा वाजून दहा. मुकादम ओरडत आला. फिटरनं त्याला इंजिनाचं काहीतरी कारण सांगितलं, ते त्यालाच पुरतं पटलं नाही. दोन मिनिटं तशी गेली. मग त्यानं काकांकडं बघितलं, काकांनी मान खाली घातली, आणि त्यानं साखळी ओढली.

मोटारी थांबल्या. डोक्यावरचा दिवा पांढरा झाला.

परत येताना आम्ही पळालो नाही. झाली असेल परीक्षा, नसेल झाली, विचारायची हिंमत कुणाला? मी ओढ्यापाशी म्हणालो, काका, चूक माझी. ते म्हणाले, "कागद मी काढला. पाणी कुणीकडून येतंय ते सांगितलंच न्हाई. वाचणाऱ्याचा काय कसूर?" हे ते मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि म्हणून जास्तच लागलं.

शाळेच्या पायऱ्यांवर काकू बसल्या होत्या. मांडीवर फळीचा डबा. ढेरपोट्याचं तोंड फाटून आतला लगदा बाहेर आला होता, जळका वास सुटला होता. माझी बायको शेजारी उभी, पदर तोंडावर. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. नंतर तिनं सांगितलं: साहेबांचे प्रश्न संपले होते, ते कागदावर शेरा लिहीत होते, तेवढ्यात भोंगा झाला. आणि काकूंनी सही करायला कानातलं काढून ठेवलं, तोच फटकन आवाज. साहेब खुर्चीवरून उठले. काकूंना आवाज आला नाही, पण वास आला. त्या साहेबांना म्हणाल्या, "घाबरू नका. आमच्या घरचे जवळपास आले असतील."

काका पायरीशी उभे राहिले. यंत्र बंद होतं, विचारलं तरी काकूंना ऐकू येणार नव्हतंच. त्यांनी काकांच्या शेरवानीकडं बघितलं, गुडघ्यापर्यंत चिखल, माझ्या एका पायातल्या चपलेकडं बघितलं. मग सवयीनं, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आज भोंगा बारा मिनिटं उशिरा वाजला."

काकांनी मान वर केली.

"आठ वर्षांनी ऐकला," काकू म्हणाल्या, "म्हणून घड्याळ बघितलं."

काका त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मी आणि माझी बायको लिंबाकडं बघत उभे राहिलो.

काकूंना नोकरी लागली. त्यांचं टेबल दिव्याच्या होल्डरखाली, वायरच्या टप्प्यात. त्या उठून मुलींपर्यंत जाऊ शकत नसत, म्हणून मुली एकेक करून त्यांच्यापाशी येत, आणि त्या शाळेत असा रिवाजच पडला की उत्तर देणाऱ्या मुलीनं पुढं येऊन, बाईंच्या जवळ उभं राहून, स्पष्ट बोलायचं. पहिल्या वर्षी जिनिंगवाल्या त्या बाईची पोरगी त्यात होती. फिटरची मूठ काकांनी स्वतः बसवून दिली. त्यानंतर दुपारी सेलूचे दिवे पांढरे झाले नाहीत आणि दोघं रोज संध्याकाळी बोलू लागले, इतकं की काकू म्हणायच्या, अबोला बरा होता.

आणि काकांचा उजवीकडून सुरू करायचा स्वभाव? तो गेला नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी काढलेल्या प्रत्येक कागदावर, जिथून वीज येते त्या टोकाला, एक छोटी विहीर असायची. काठ, चाक, दोर, सगळं नीट. वाचणारा उजवीकडून आला काय, डावीकडून आला काय, आधी विहीर शोधायची आणि तिथून निघायचं.

तसला एक कागद माझ्याकडं आहे. परवा थोरल्यानं त्याच्या कॉलेजातलं एक सर्किट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, बाबा, हे पहिलं की ते? मी चष्मा लावला, बी.एस्सी. आठवलं, तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आधी विहीर कुठाय ते बघा."

मी तोंड मिटलं आणि विहीर शोधायला लागलो.